इंजिनात खोट नाही

१

जुनी मोटार बघायला गेलं की मालकाला रामराम घालायच्या आधी मी बॉनेटवर हात ठेवतो. बॉनेट गार लागलं पाहिजे. गरम लागलं तर समजायचं, की आपण यायच्या आधीच कुणीतरी हँडल मारमारून दमलंय आणि ही गाडी गार असताना उठत नाही. विकणारा हसून चहा पुढे करतो तेव्हा तर हात आणखी जरा वेळ ठेवायचा. ही अक्कल मला आणि मोहनरावला एकाच वस्तादानं दिली. नगरच्या मोटारखान्यात आम्ही दोघं बरोबर शिकलो, एका चटईवर झोपलो. मला हिवतापानं धरलं तेव्हा त्यानं स्वतःची घोंगडी माझ्यावर टाकली आणि रात्रभर कुडकुडत बसला. पुढे मी बीडला येऊन मोटारी दुरुस्त करायला लागलो. तो आष्टीचा, पण चकलांब्याच्या अर्जुनरावांकडे त्यांची मोटार चालवायला लागला.

अर्जुनराव मोठे जमीनदार. बीडला सुभेदार आला की ह्यांची मोटार स्वागताला उभी असायची. ती मोटार ते विकायला काढताहेत, असा निरोप मोहननं एका कापसाच्या गाडीवानाबरोबर धाडला होता. "तूच घे. पण आधी इंजिन नीट तपास," हे त्यानं दोनदा सांगायला लावलं होतं.

बीड ते नेकनूर सवारी मोटार चालवायचा परवाना मला नुकताच मिळाला होता. मोटार तेवढी नव्हती. मी लगोलग निघालो.

चकलांब्याला सरकीच्या गोदामात ती उभी होती. लांब, काळी, वर कापडी छत, बाजूंना सोडायचे पडदे. मी बॉनेटवर हात ठेवला. विहिरीच्या कठड्यासारखं गार.

"एक पावसाळा गेला, कुनी हात लावला न्हाई," मोहन म्हणाला.

मला बरं वाटलं. आपला माणूस होता, खोटं कशाला बोलेल.

२

आधी मी तेल बघितलं. बोटाच्या चिमटीत घेऊन चोळलं, उन्हात धरलं. लोखंडाचा कीस आत असला तर चमकतो. काही चमकलं नाही. मग हँडल बसवून हळूहळू फिरवलं. चारही सिलिंडर हाताला सारखाच जोर देत होते. एखादा ढिला असला तर हँडल तिथं अचानक सैल पडतं, कुणी हात सोडून दिल्यासारखं. तसं काही नव्हतं. प्लग काढून पुसले, परत बसवले. दुसऱ्या झटक्याला इंजिन उठलं, आणि असं उठलं की मी दोन पावलं मागं सरून नुसता ऐकत राहिलो. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मी जागोजाग ऐकलं. कुठं खडखड नाही, ठोका नाही. धूरही पातळ.

"सापडलं का काही?" मोहननं विचारलं.

"न्हाई."

"नीट बघ, रेवण. चढाला मरती ही गाडी. काहीतरी असनारच आत."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्या खांद्यावरून इंजिनात डोकावत होता. अन् त्याच्या तोंडावर जे होतं ते मला तिथं शोभण्यासारखं वाटलं नाही. जुनी गाडी दाखवणारा माणूस खोट झाकतो. हा खोटेची वाट बघत होता, आजारी माणसाच्या घरचे वैद्याच्या तोंडाकडे बघतात तसा.

मग मी मनाशी म्हटलं, दोस्ती निभावतोय. खोट निघाली तर मालक भाव उतरवेल, म्हणून माझ्यासाठी धडपडतोय. एवढं साधं कसं कळलं नाही! मी हसलो आणि कामाला लागलो.

कार्बोरेटर उघडून धुतला. ब्रेक अडकून ओढत नाहीत ना ते चाकं वर उचलून फिरवून बघितलं. क्लच बघितला. चढाला गाडी मरण्याची जेवढी कारणं मला ठाऊक होती तेवढी एकेक करून मी बाद केली. प्रत्येक कारण बाद झालं की मोहन थोडा थोडा गप्प होत गेला.

३

इंजिन बंद करून मी मागं गेलो तेव्हा ध्यानात आलं, की गाडी कललेली आहे.

फार नाही. मागच्या बाजूला, डावीकडे. मोटारीच्या कमानी लोखंडी पाट्यांच्या असतात, एकावर एक बांधलेल्या. त्यातला पाटा तुटला की गाडी तिकडं बसते. मी खाली झोपून गेलो. पाट्यावर बोटं फिरवली, हातोडीनं हळूच वाजवून बघितलं. सगळे पाटे अखंड होते, आवाज खणखणीत. पण डावी कमान दबलेली होती. भार असल्यावर दबते तशी.

जमीन उतरती असेल म्हणून मी मोहनला गाडी ढकलायला लावली. गोदामाच्या दुसऱ्या टोकाला फरसबंदी सपाट होती. तिथंही गाडी डावीकडेच बसली.

"मागं काही सामान ठेवलंय का?" मी विचारलं.

"न्हाई," मोहन म्हणाला. तो गाडीच्या पुढच्या बाजूला, दिव्यांपाशी उभा होता. सकाळपासून तो तिथंच होता. मागच्या दाराकडे तो एकदाही आला नव्हता, हे मला नंतर आठवलं.

मी दार उघडून मागची बैठक दाबून बघितली. तांबडं चामडं, कुठं फाटलेलं नाही. उजवीकडे ते गार होतं. डावीकडे हात ठेवला, तर ऊब लागली.

मी वर बघितलं. पत्र्याला भोकं असतात, उन्हाची तिरीप पडते, चामडं तापतं. पण गाडी आत्ताच हलवली होती, आणि त्या कोपऱ्यात सावली होती. हाताला तेल लागलेलं होतं, इंजिनाची धग तळव्यात मुरलेली होती. तीच असणार. मी तळवा धोतराला पुसला आणि परत ठेवला नाही. तपासायला आलेला माणूस एकदा शंका आली की दुसऱ्यांदा हात ठेवतोच.

४

गाडी पळवून बघायची होती. करोडगिरी नाक्यापर्यंत जाऊन परत येऊ, मोहन म्हणाला. निजामाची हद्द तिथं संपायची आणि पलीकडे इंग्रजाचा मुलूख. निघायच्या आधी त्यानं पुढून हात लांबवून मागचे पडदे सोडले. धूळ येते, म्हणाला.

सपाटीला गाडी झकास पळाली. पण लहानसा चढ आला की इंजिन दबायचं. त्याचा सूर बिघडत नव्हता, नुसता खाली यायचा, भरल्या गाडीचा येतो तसा. आम्ही दोघंच होतो. मी गियर उतरवून ऐकत होतो. मोहन शेजारी बसला होता, मांड्यांवर हात, नजर समोर. एकदा रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, मी मागं वळून गाडी उलटी घेतली. तेवढ्यात त्यानं डोळे मिटून घेतलेले मी बघितले.

नाक्यावर एक म्हातारा रोहिला शिपाई होता. मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर बंदूक. मोटारीत कापड, तंबाखू काही चोरून नेतात का ते तपासायचं त्याचं काम. तो मागच्या दाराकडे गेला, पडद्याची कड बोटानं जराशी सरकवली, आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. मग त्यानं गाडीकडे पाठ केली, मान खाली घातली.

"माफ करना," तो हळूच म्हणाला. "जनानी सवारी है, पहले बोलना था ना मियाँ. जाव, जाव."

मी मोहनकडे बघितलं. तो म्हणाला, "ह्याला दिसत न्हाई आता. म्हातारा झालाय. चल बे, फिरव गाडी."

मी उतरलो आणि पडदा सारला. मागं कुणीच नव्हतं. तांबडी बैठक, तिच्यावर धुळीचा पातळ थर. धूळ उजवीकडे होती. डावीकडे नव्हती.

पडदे सोडलेली मोटार म्हणजे गोषातली बाईमाणसं, असं इकडं कुणीही समजेल. म्हाताऱ्याची नजर अधू, अदब मोठी. मी हे स्वतःला सांगितलं आणि ते पटलंही. परतीच्या वाटेवर मीसुद्धा मागं वळून बघितलं नाही.

५

अर्जुनराव ओसरीत तक्क्याला टेकून बसले होते. वर्षभरात माणूस इतका वाळतो हे मी पहिल्यांदा पाहत होतो. भावाचं ते काही बोललेच नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मोहनराव म्हनतो इंजन कमजोर हाय. भार वढत न्हाई. तुमी बगितलं. खरं हाय का?"

मोहन खांबाआड उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी समजलो, की हो म्हण, भाव पडेल. पण मालकाच्या तोंडावर त्याच्या चांगल्या मालाला नावं ठेवायची, हे मला कधी जमलं नाही. चढाला सूर खाली आला होता, पण इंजिन कुठं अडलं नव्हतं.

"न्हाई मालक," मी म्हणालो. "इंजिनात खोट नाही. पाच माणसं घालून घाट चढवा, चढेल."

अर्जुनरावांनी मान वळवून मोहनकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. तो खाली बघत होता.

"कारागीर मानूस खोटं कावून बोलंल," ते शेवटी म्हणाले. "घिऊन जा मोटार. आन मोहनराव, तू बी जा. उद्यापासून येऊ नगस."

माझ्या एका बोलण्यानं दोस्ताची चाकरी गेली, आणि ती का गेली हे मला कळलं नाही. बाहेर आल्यावर मी त्याची माफी मागितली. तो एकदम भडकला. "एवढं बी जमलं न्हाई तुला? एक शब्द म्हनायचा हुता!" मग शांत झाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. तुझ्या हाती बरी ऱ्हाईल ती. शिवगंगावहिनी बऱ्या हायत ना?"

शिवगंगा माझी बायको. तिला सातवा चालला होता. बाळंतपणाला नेकनूरला माहेरी पोचवायचं होतं, ते मी सांगितलं.

"मग मोटारीनंच ने की," मोहन म्हणाला. "बैलगाडीत कशाला हाल. मागं आरामात बसव."

मला तेव्हा भरून आलं होतं. स्वतःची चाकरी गेलेली असताना हा माझ्या बायकोच्या हालांचा विचार करतोय.

६

शिवगंगाला घेऊन मी निघालो तेव्हा ऊन चढलेलं होतं. तिनं जांभळं लुगडं नेसलं होतं, मांडीवर फराळाचं गाठोडं. मागच्या बैठकीवर ती उजवीकडे बसली. मी म्हटलं, मधोमध बस, आराम पडेल. ती म्हणाली, "हितंच बरं हाय." मला वाटलं, पहिल्यांदा मोटारीत बसलीय, दारापाशी बरं वाटत असेल.

बीड सोडल्यावर ती कुणाशीतरी हळू आवाजात बोलत होती. वाऱ्यानं नीट ऐकू येत नव्हतं. बायका पोटातल्या लेकराशी बोलतात. मी पुढं बघून हसलो.

मांजरसुंब्याचा घाट लागला आणि इंजिन दबायला लागलं. मी गियर उतरवला. अर्ध्या चढावर पाणी उकळायला लागलं, रेडिएटरच्या तोंडातून वाफ उसळली. एका वळणावर गाडी जागच्या जागी थरथरायला लागली. मी ब्रेक दाबून धरला, उतरून चाकामागं दगड लावला. इंजिन चालूच होतं. त्याचा आवाज निरोगी होता. दमलेल्या पण धडधाकट बैलासारखा. दोन माणसं आणि एक गाठोडं, एवढ्याला ही गाडी थकायला नको होती.

"शिवगंगा," मी ओरडलो, "जरा उतर गं. गाडी हलकी झाली की वर नेऊन थांबवतो. तू हळूहळू चालत ये."

ती उतरली नाही.

मी दाराकडे गेलो. ती घामानं निथळत होती. तिचा डावा हात बैठकीवर आडवा पसरलेला होता, मधल्या मोकळ्या जागेत. तळवा वर, बोटं मिटलेली. बोटांची पेरं पांढरी पडली होती. इतकी पांढरी, की मी त्यांच्याकडेच बघत राहिलो.

"उतरते की," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, थोडा अवघडलेला. "पर ह्यांनी हात सोडायला पायजे ना."

"कुनी?"

"ह्या बाईंनी. तुमी उतर म्हनल्यापासून सोडीनात."

मी गाडीच्या मागून वळसा घालून डाव्या दाराकडे गेलो. दार उघडावं आणि आत कुणी नाही हे तिला दाखवावं, असं मनात होतं. मुठीला हात घालणार, तेवढ्यात दाराच्या फटीखाली मला कापडाची कड दिसली. हिरवी, काठाला धूळ लागलेली. दारात अडकलेल्या लुगड्याची असते तशी. शिवगंगा जांभळ्या लुगड्यात पलीकडच्या टोकाला बसली होती.

मी बघत असताना ती कड हळूच आत ओढली गेली.

दुपारचं ऊन होतं. खाली दरीत गुराखी गुरांना हाका मारत होता. मी ते दार उघडलं नाही. मागं सरलो, पुढच्या जागेवर येऊन बसलो आणि समोर बघत म्हणालो, "कुनी उतरायचं न्हाई. बसा. सगळ्यांना घिऊन जातो."

मी कुणाला 'बसा' म्हणालो, हे शिवगंगानं मला विचारलं नाही.

पहिल्या गियरमध्ये, मुंगीच्या पावलानं ती गाडी चढली. वाफ तोंडावर येत होती, चाकं खडी उडवत होती, पण चढली. माथ्यावर आलो आणि मागून शिवगंगाचा मोठा श्वास ऐकू आला. ती हात झटकत होती, मुंग्या आल्यावर झटकतात तसा.

मी तिला पुढं, माझ्या शेजारी बसवलं.

"कोन हुत्या त्या?" बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "मला वाटलं तुमी नेकनूरची सवारी घेतलीया. पदर पुढं वढून बसल्या हुत्या. मी बोलले तर नुसती मान हलवायच्या. लई भ्यालेल्या हुत्या हो. मला काय केलं न्हाई त्यांनी. नुसतं धरून ठिवलं."

७

शिवगंगाला सुखरूप पोचवलं. मोटार तिथंच टाकून यावी असं वाटलं, पण सासऱ्याच्या दारात ती कशी सोडणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती एकट्यानं चालवत चकलांब्याला नेली. एकट्यानं म्हणायचं आपलं.

अर्जुनराव भेटले नाहीत. गोदामाशी त्यांची जुनी मोलकरीण बायनाबाई सरकी वाळवत होती. मोटार बघून ती उठून उभी राहिली आणि मोटारीकडे बघून तिनं पदर डोक्यावर घेतला.

मी विचारलं, "ह्या गाडीत कोण बसायचं?"

ती गाडीपासून दोन पावलं मागं सरली. मग म्हणाली, "छबुबाई. धाकली सुनबाई. दिवस भरले हुते, आन मूल आडलं. नगरच्या दवाखान्यात न्यायला मोटार काढली. घरात एक बी गडीमानूस नव्हतं, मालक हैदराबादला. सुनबाई आन मोहनराव, दोघंच गेले. मी येते म्हनलं, तर मोहनराव म्हनला भार हुईल."

"मग?"

"मोटार पोचली नगरला. सुनबाई न्हाई पोचली."

तिनं सरकीत हात घातला, मूठभर उचलली, परत टाकली.

"नगरच्या वाटंवर घाटात गाडी चढंना म्हनला. म्हून उतरवलं तिला. म्हनला वर जाऊन थांबतो, तुमी या चालत. आन लई येळ थांबलो म्हनला, आल्याच न्हाईत, म्हून दवाखान्यातून मानसं आनाया गेलो. आता थांबला का न्हाई थांबला, त्याचं त्याला ठावं. दुसऱ्या दिशी घावली ती. शेवटच्या वळनावर. दगडाला टेकून बसल्याली. तेवढं चालली हुती बगा, तसल्या हालतीत."

"आणि मोहन?" मी विचारलं.

"मालकाच्या पाया पडला. म्हनला इंजनात खोट हुती, माझा विलाज न्हाई. मालक म्हनले, बगून घिऊ." बायनाबाईनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "मग तुमी आलाव."

८

आष्टीला पोचलो तेव्हा मोहन दारापुढच्या लिंबाखाली बाजेवर बसला होता. मोटारीचा आवाज त्यानं लांबूनच ओळखला असणार. उठला नाही.

मी गाडी त्याच्या दारात उभी केली, इंजिन बंद केलं, खाली उतरलो.

"गाडी घाट चढली," मी म्हणालो. "मांजरसुंब्याचा. सगळ्यांना घिऊन."

त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या मागं बघितलं नाही.

"इंजिनात काहीतरी असंल, रेवण. त्या दिवशी तरी असंल. आता सुटलं असंल आपोआप. हुतं की न्हाई असं कधी कधी?"

"न्हाई."

"कार्बोरेटरात कचरा आला असंल."

"मी उघडून बघितला तेव्हा तुझ्यासमोरच बघितला. मोहन, पहिला गियर टाकून चालत्या माणसाच्या चालीनं नेली असतीस, तर चढली असती. तुला ठाऊक नव्हतं असं म्हणू नकोस. आपण एकाच वस्तादाकडं शिकलोय."

तो बाजेवर पुढं सरकला. "ती वरडत हुती रे. घाटभर वरडत हुती. मला ऐकवंना. मी म्हनलं जरा येळ... जरा येळ लांब जावं." तो थांबला. पुढचं त्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मला दुसरंच विचारायचं होतं. "तू मला ही गाडी दिलीस. मागं कोण बसलंय हे तुला ठाऊक होतं."

तो बाजेच्या दोरीशी चाळा करत राहिला.

"शिवगंगाला सातवा चाललाय, हे मी तुला सांगितलं. आणि तू म्हणालास, मागं बसव."

"व्हय," तो म्हणाला. आणि मग जे बोलला, ते अगदी हळू, जणू माझी समजूत घालत असल्यासारखा. "मला वाटलं, दुसरी बाई संगं आली, तिच्यासारखीच पोटुशी, तर सुनबाई तिच्याबरूबर उतरंल. तिच्या मागं जाईल. माझी सुटका हुईल. तुझ्या वाईटावर नव्हतो रे मी."

ज्यानं मला स्वतःची घोंगडी दिली होती तो हाच माणूस, हे मी मनात जुळवून बघत होतो आणि ते जुळत नव्हतं. मारावं असंही वाटलं नाही. नगरची ती सगळी वर्षं, ती चटई, ती थट्टामस्करी, सगळ्याखालून कुणीतरी हळूच जमीन काढून घेत होतं आणि मी नुसता उभा होतो.

"एकदा तरी म्हन," तो म्हणाला. "निस्तं माझ्यापुरतं. खोट हुती म्हन."

मी मोटारीचं हँडल त्याच्या बाजेवर ठेवलं आणि वळलो.

तेवढ्यात घराचं दार उघडलं. त्याची बायको केसरबाई बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या. तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. चकलांब्याला ती कधी गेलीच नव्हती. तिनं मला बघितलं, हसली, मग तिची नजर मोटारीकडे गेली आणि तिनं घाईघाईनं पदर सावरला.

"अवं, हे काय!" ती नवऱ्यावर करवादली. "परक्या बाईमानसाला उन्हात कावून उबं केलंय? आन असल्या अवघडल्याल्या बाईला! तुमास्नी काय कळतंय का न्हाई?"

"वहिनी, थांबा!" मी ओरडलो. "आत घेऊ नका!"

तिला ते ऐकू आलं नसेल, किंवा ऐकूनही तिला त्याचा अर्थ लागला नसेल. दारात आलेल्या बाईला आत घेऊ नका, असं कोण म्हणतं? ती पायरी उतरून खाली आली. तांब्यातलं पाणी तिनं वाकून कुणाच्या तरी पायावर घातलं. मातीवर पाणी पसरलं. मग ती बाजूला झाली, अंग चोरून, दारातून एक माणूस आत जाईल एवढी वाट देत, आणि म्हणाली, "या बाई, या. हळू. उंबरा हाय."

ती स्वतः मागून आत गेली. दार लोटलं गेलं. आतून तिचा आवाज ऐकू येत होता, बायका नव्या पाहुणीशी बोलतात तसा, कुठून आलात, कितवा चाललाय.

मोहन बाजेवरून उठला होता. तो दाराकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. त्याच्या लेखी, ती गाडी दारात आणून मी त्याला फसवलं होतं, जिवाभावाच्या माणसानं फसवावं तसं, आणि हे माझ्याकडून होईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.